पट्टीला हात लावू नये

३ फेब्रुवारी

पावडर पुरवणाऱ्यांनी नव्या वर्षाची भेट म्हणून दिलेली ही डायरी महिनाभर कपाटात पडून होती. आज काढली. कारखान्याच्या नोंदवहीत फक्त आकडे लिहायचे असतात, आणि मला आज जे म्हणायचंय त्यात आकडा एकच आहे. दहा.

दोन फेऱ्यांच्या मध्ये दहा मिनिटं थांबायचं, हा नियम आज व्यवस्थापकांनी काढून टाकला. सकाळच्या बैठकीत, उभ्या उभ्या, चहाचा कप हातात असताना. कामगार त्यांना पाठीमागे 'घाईसाहेब' म्हणतात. मी आजवर म्हणत नव्हते. आजपासून या वहीत तरी म्हणणार.

काम आहे धरणाच्या दारांच्या सहा दांड्यांचं. मांडीएवढे जाड, पोलादी, दोन माणसं डोक्याला पाय लावून झोपली तर होतील तेवढे लांब. या दांड्यांच्या जोरावर दारं वरखाली होतात. ते गंजू-झिजू नयेत म्हणून त्यांच्यावर आम्ही कोटिंग चढवतो. फवाऱ्याच्या गनच्या ज्वाळेतून धातूची पावडर फेकायची, ती वितळून थेंबाथेंबाने दांड्यावर आपटते, चपटी होते आणि गोठते. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी थर, पण तो चढवायला चाळीस फेऱ्या लागतात. प्रत्येक फेरीनंतर दांडा निवू द्यायचा. म्हणजे एका दांड्यामागे जवळजवळ एक अख्खी पाळी नुसती थांबण्यात जाते. घाईसाहेबांना ते बघवत नाही. पाणी चढायच्या आत दारं बसवायची आहेत, आपण उशीर केला तर खालची गावं आपल्याला विचारतील, असं ते म्हणाले. यातलं काही खोटं नाही, हीच पंचाईत आहे.

मी म्हटलं, न थांबता मारलं तर दांडा तापेल, आणि तापलेल्या दांड्यावर चढलेलं कोटिंग निवताना आतून ताण धरेल. ते म्हणाले, दिसेल का तो ताण? मी म्हटलं, डोळ्यांना नाही, पण माझ्या मोजमापाच्या टेबलावर दिसेल. त्यावर ते म्हणाले की टेबलाचंही बघायचंच आहे, या ऑर्डरनंतर तिथे कोटिंग मारायचा दुसरा बूथ घालायचा विचार आहे.

आठ वर्षं झाली ते टेबल उभं करून. त्यांना इथे येऊन दोन झाली.

५ फेब्रुवारी

टेबलाबद्दल लिहून ठेवते. लेक ही वही चोरून वाचणारच, तिला तरी कळेल आई दिवसभर काय करते.

दांडा जाड. त्याच्या अंगावरचं कोटिंग कितीही ओढू दे नाहीतर दाबू दे, तो वाकत नाही, गप्प बसतो. म्हणून दांड्याच्या शेजारी मी त्याच पोलादाची एक पातळ पट्टी लावते, दोन्ही टोकांना सैल धरलेली. गन दांड्यावरून जाते तशी पट्टीवरूनही जाते. जे दांड्याच्या वाट्याला येतं तेच पट्टीच्या. पण पट्टी पातळ, ती वाकून दाखवते. तिच्या पाठीवर लेझरचे तीन ठिपके पडलेले असतात. ती केसाइतकी वाकली तरी माझ्या पडद्यावरची रेघ हलते. एकेक फेरी झाली की रेघ जरा एका बाजूला सरकते, आणि शेवटी सगळं थंड होताना उलट्या बाजूला वळून वर चढते. ती पडद्यावरच्या पंचवीसच्या खुणेच्या आत थांबली तर कोटिंग टिकतं. वर गेली तर टोकाकडून पापुद्रा सुटतो, आज नाही तर वर्षाने. हा पंचवीसचा आकडा मी पुस्तकातून घेतलेला नाही. दोन वर्षं तुकडे मोडून मोडून काढलाय.

या कामाच्या गर्दीत ब्लास्टिंग उस्तादांनी आपणहून अंगावर घेतलं. उस्ताद म्हणजे आमचे गन चालवणारे. तीस वर्षांचा हात, ज्वाळेच्या आवाजावरून त्यांना गॅस कमी-जास्त झालेला कळतो. कोटिंग धरावं म्हणून आधी पोलादावर खड्यांचा मारा करून ते खरबरीत करतात, पट्ट्यांचंही तसंच. आधी ते मीच करायचे. उस्तादांच्या हातून पट्ट्या कशा सपाट येतात. माझ्या कधी आल्या नाहीत. माणसाच्या हातात असतं एकेक.

८ फेब्रुवारी, रविवार

बाबांना सांगितलं सगळं. त्यांनी जन्मभर कोट शिवले, आता डोळे साथ देत नाहीत, पण बोटं अजून कापड चाचपत असतात. मी पोलाद आणि कोटिंग वेगवेगळं आकसतं वगैरे सांगायला लागले तर मधेच म्हणाले, "म्हणजे अस्तर धुवून न घेता लावल्यासारखं."

अगदी तेच. वरचं कापड आकसलं आणि अस्तर नाही आकसलं, तर अस्तराला फुगे येतात आणि शिवण उसवते ती कडेकडूनच. ते म्हणाले की गिऱ्हाईक पहिल्या दिवशी आरशात बघतं तेव्हा कोट झकास दिसतो. फसवणारा शिंपी त्या पहिल्या दिवसावर जगतो.

मी अठ्ठेचाळीस वर्षांची होत आले आणि माझं आख्खं शास्त्र बाबांना एका वाक्यात येतं. राग आला आणि बरंही वाटलं.

११ फेब्रुवारी

पहिला दांडा झाला. न थांबता. मी शेवटपर्यंत पडद्यासमोर उभी होते. गन बंद झाली, पंखे सुरू झाले, आणि दांडा निवताना रेघ चढायला लागली. अठरा, चोवीस, तीस. मी मनातल्या मनात तिला थांब म्हणत होते, हे लिहायला लाज वाटते. भांडण मला जिंकायचं होतं, पण दांडा खराब निघालेला नको होता.

एक्केचाळीस.

घाईसाहेबांना पडदा दाखवला. ते दांड्याजवळ गेले, हात फिरवला, बोटाने टिचकी मारली. कडकपणा बघितला, उत्तम. जाडी बघितली, बरोबर. चिकटण्याची परीक्षा, पास. ते म्हणाले की चार साक्षीदार एक सांगतात आणि तुमची पट्टी भलतंच.

जबडा दुखतो दोन दिवस. थंडीने असेल.

१२ फेब्रुवारी

दुसरा दांडाही तसाच मारला. एकोणचाळीस.

संध्याकाळी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. दोन्ही दांड्यांचे तपासणीचे कागद टेबलावर. कडकपणा, जाडी, चिकटपणा, सगळीकडे बरोबरच्या खुणा. सगळ्यात खाली एक ओळ: 'कोटिंगमधला ताण: योग्य / अयोग्य', आणि पुढे माझ्या सहीची जागा. ही ओळ कागदावर मीच भांडून घालायला लावली होती.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. म्हणाले, "एक सही तर करायची आहे. काय झिजणार आहे तुमचं?"

मी म्हटलं, पट्टी एक्केचाळीस सांगते. ते म्हणाले, धरणावर पट्टी बसवायची नाहीये, दांडा बसवायचाय. मग दारं वेळेत न बसण्याचा धोका सांगितला, आणि तोही खरा आहे हे मला माहीत आहे, म्हणून मी गप्प झाले. त्यांना वाटलं मी वळले. पेन पुढे केलं.

मी पेन घेतलं नाही. एवढंच. काही बाणेदार बोलले असते तर इथे लिहिलं असतं, पण सुचलंच नाही. नुसती उठून आले.

१४ फेब्रुवारी

घरी वेगळंच त्रांगडं. लेकीच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत बर्नर फुटला. त्या टेबलावरच्या चौघींना माफीपत्रावर सही करायला सांगितलं. तिघींनी केली. आमची राणी म्हणते, फोडला नाही तर माफी कशाची. बाईंचा मला फोन.

मी तिला शांतपणे समजावलं. एवढीशी गोष्ट, कशाला ताणायची. एक सही तर करायची, काय झिजणार आहे तुझं? विषय संपव, परीक्षा जवळ आली.

ती माझ्याकडे बघत राहिली. कोपऱ्यातल्या खुर्चीत बाबा मात्र हसायला लागले. असे हसले की खोकला आला, पाणी द्यावं लागलं. कशाला हसलात विचारलं तर हाताने नुसतं जाऊ दे म्हणाले. त्यांना हल्ली कशाचंही हसू येतं. वयाचं असेल.

सही केली नाहीच तिने. कुणावर गेलीय हट्टी, कोण जाणे.

१६ फेब्रुवारी

नीट लिहिते.

तिसऱ्या दांड्याची तयारी चालली होती. मी मोजपट्टी विसरले म्हणून बूथमागच्या खोलीत परत गेले. उस्ताद स्टुलावर बसले होते. त्यांच्या मांडीवर माझी पट्टी, नुकतीच ब्लास्टिंग केलेली. ते दोन्ही अंगठ्यांनी तिच्यावरून दाब देत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटून बघत होते, मग परत दाबत होते. किती मायेने करत होते ते मला कसं सांगता येईल. मूल न्हाऊ घातल्यावर त्याचे हातपाय ओढतात तसं.

मी विचारलं, उस्ताद, काय करताय?

"सरळ करतोय. ब्लास्टिंगनंतर वाकडी येते ना. तुम्ही एवढ्या बारीक मापाचं काम करता मॅडम, म्हटलं निदान पट्टी तरी सरळ द्यावी हातात."

या ऑर्डरच्या पहिल्या दिवसापासून ते असं करत आले आहेत.



पट्टी वाकडी असलेली चालते. खड्यांच्या माऱ्याने ती थोडी वाकणारच, मी ते वाकणं मोजते आणि तिथून पुढे शून्य धरते. हातांनी सरळ केलेली पट्टी दिसायला सपाट, पण आतून ती दामटून बसवलेली असते. गनची उष्णता लागली की ती सैल होते आणि आपल्या जुन्या वाकण्याकडे परत जाते. माझी रेघ त्यालाही कोटिंगचाच ताण समजते. आणि दोन्ही वाकणी एकाच बाजूची. म्हणजे एक्केचाळीसमधलं कोटिंगचं किती आणि उस्तादांच्या अंगठ्यांचं किती, हे मला आता कधीच कळणार नाही.

आठ वर्षांत एकदाही मी कुणाला 'पट्टीला हात लावू नका' असं सांगितलं नाही. कारण आजवर पट्टी माझ्याच हातात होती. पट्ट्या एकदम सपाट यायला लागल्या तेव्हा मला शंका यायला हवी होती. मला कौतुक वाटलं.

उस्तादांना मी हे सगळं लगेच सांगितलं नाही. त्यांचा चेहरा बघून धीर झाला नाही.

१७ फेब्रुवारी

सकाळी बाबांना विचारलं, चुकीच्या मापाने बरोबर भांडण करता येतं का. ते म्हणाले, आधी माप चुकलं असं गिऱ्हाइकाला सांगायचं. मग कात्री हातात ठेवायची की नाही ते आपण ठरवायचं.

केबिनमध्ये जाऊन सांगितलं. एक्केचाळीस आणि एकोणचाळीस, दोन्ही आकडे रद्द. चूक माझी, मी पट्टीची तयारी दुसऱ्याकडे दिली आणि बघितलं नाही. उस्तादांचं नाव घेतलं नाही, पण आमच्याकडे ब्लास्टिंग कोण करतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

घाईसाहेब चांगले वागले. ते टोचलं. हसले, पाणी पुढे केलं, म्हणाले होतं असं, माणूस आहे म्हणजे चुका आल्याच. आणि कागद काढले.

मी म्हटलं, माझा आकडा चुकला म्हणजे तुमचा दांडा बरोबर ठरला असं नाही. परत मोजू द्या. एक दिवस. भंगारातल्या पाइपवर तीन पट्ट्या लावून, न थांबता, जसं दांड्यांना केलं तसंच.

ते म्हणाले, दिवस नाही. सहा दिवस तुम्ही एका वाकड्या पट्टीवर मला अडवून धरलंत, आता सातवा मागू नका.

सरळ पट्टीवर, मी म्हटलं. वाकडी असती तर हे झालंच नसतं.

मग मी पेन घेतलं. दोन्ही कागदांवरचे 'योग्य' आणि 'अयोग्य' दोन्ही शब्द खोडले आणि त्या जागी लिहिलं: 'मोजलेलं नाही'. खाली पूर्ण सही, नेहमीची तोकडी नाही. तारीख घातली.

त्यांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. असा कागद गिऱ्हाइकाकडे कसा पाठवू, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खरा आहे म्हणून बेलाशक पाठवा.

माझं टेबल शनिवारी हलवायचं ठरलं, असं दुपारी नोटीस बोर्डावर लागलं.

रडू आलं, पण बसमधून उतरल्यावर. घरी पोचेपर्यंत आटपलं.

१८ फेब्रुवारी

उस्तादांना कुणीतरी सांगितलं. मी सांगायला हवं होतं. भ्याले, म्हणून त्यांना ते फोरमनच्या तोंडून ऐकावं लागलं.

मी त्यांच्यापुढे जायचं टाळत होते, तर तेच आले. हात पुसत पुसत उभे राहिले. मी म्हटलं, तुमची चूक नाही, मी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, तीस वर्षांत कुणी मला सांगून शिकवलं नाही, मी बघून शिकलो, आणि तुम्ही पट्टीला किती अलगद धरता हे मी बघत होतो तरी मला कळलं नाही. मग म्हणाले, काय करायचं ते सांगा. मी म्हटलं, माझ्या हातात आता काही नाही, टेबलसुद्धा शनिवारपर्यंतच.

ते वळून बूथकडे गेले. तिसरा दांडा चढवून ठेवलेला होता. गॅस उघडलेला. सगळे त्यांच्या इशाऱ्याची वाट बघत होते. त्यांनी गन हुकावर टांगली, कानावरचे मफ काढले आणि स्टूल ओढून बसले.

घाईसाहेब धावत आले. काय झालं, गन बिघडली का?

"गन चांगली आहे," उस्ताद म्हणाले. "मॅडमच्या तीन पट्ट्या मारल्याशिवाय पेटणार नाही. माझ्या हातानं बिघडलंय, माझ्याच हातानं निस्तरू द्या."

साहेबांनी दम दिला, मग समजावलं, मग परत दम दिला. उस्ताद ऐकत होते, मान डोलावत होते, अगदी अदबीने, आणि उठत नव्हते. दुसरा कुणी ती गन धरू शकत नाही हे दोघांनाही माहीत. अर्ध्या तासाने घाईसाहेब म्हणाले, उद्या, एक दिवस, आणि मी स्वतः समोर उभा राहणार.

मी म्हटलं, उभे राहाच.

१९ फेब्रुवारी

ब्लास्टिंग मी केलं. तिन्ही पट्ट्या वाकड्या आल्या, छान वाकड्या, मला हव्या तशा. एकेकीचं वाकणं मोजून सगळ्यांसमोर फळ्यावर लिहिलं. उस्ताद लांब उभे होते, हात पाठीमागे बांधून. मुद्दाम.

भंगारातला पाइप, चाळीस फेऱ्या, थांबा नाही. तीनदा. घाईसाहेब खरोखर उभे राहिले, जेवायलाही गेले नाहीत. पाइप इतका तापला की बूथच्या दारातून हवा थरथरताना दिसत होती. ते घाम पुसत होते आणि मला वाटून गेलं की हा माणूस काही वाईट नाही, याच्या मागेही कुणी तरी घाई करत असणार.

पहिली पट्टी निवली: एकतीस.

दुसरी: अठ्ठावीस.

तिसरी वर चढताना सगळेच पडद्यापाशी आले. वीस, बावीस, तेवीस. तिथे ती रेंगाळली. चोवीसवर गेली आणि थांबली. दहा मिनिटं वाट बघितली. चोवीसच.

घाईसाहेबांनी हळूच टाळी वाजवली. बसली की, म्हणाले. पंचवीसच्या आत आहे. म्हणजे न थांबताही होऊ शकतं.

मला ती तिसरी पट्टी नको होती. खरं लिहायचं तर क्षणभर तिचा रागच आला. पण जे आलं ते फळ्यावर लिहिलं, बाकीच्या दोन आकड्यांच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

मग म्हटलं, "तीनातली एक बसली साहेब. पण दांडे तर दोनच झालेत. त्यातला तिसरा कोणता, ते दाखवा, मी लगेच सही करते."

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी मागे वळून बघितलं तर सगळे पंख्याकडे बघत होते.

एक्केचाळीसवरून एकतीस आलंय, हेही त्यांनी बोलून दाखवलं, आणि ते बोलायचा त्यांना हक्क होता. मी मान्य केलं. दहा आकड्यांनी मी उगाच घाबरवलं होतं. पंचवीसच्या वरचे उरलेले सहा मात्र खरे आहेत.

२० फेब्रुवारी

दोन्ही दांड्यांचे नवे कागद घेतले. 'अयोग्य'वर गोल केला. शेजारी तिन्ही आकडे लिहिले, चोवीससकट. सही केली. खाली व्यवस्थापकांच्या सहीची जागा असते. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि पेन पुढे केलं.

त्यांनी घेतलं. सही करताना माझ्याकडे बघितलं नाही. दोन्ही दांड्यांवरचं कोटिंग घासून काढायचं, परत चढवायचं. थांबे गाळून वाचवलेले दोन दिवस, आणि निस्तरायला सहा. हे मी तोंडाने बोलले नाही. इथे लिहितेय, दोनदा अधोरेखित करून.

बाहेर आल्यावर ते पाठीमागून म्हणाले की टेबलाचा निर्णय कायम आहे, ऑर्डर संपेपर्यंत फक्त पुढे ढकललाय. आणि वर्षअखेरीच्या अहवालात हे सगळं येईल, माझ्या चुकीसकट.

यायलाच हवं, मी म्हटलं. चूक पहिल्या पानावर घाला, म्हणजे पुढचा कुणी करणार नाही.

लेकीच्या शाळेतून फोन आला होता. बर्नर आधीपासूनच तडकलेला होता म्हणे, माफीपत्राचं राहू द्या. मी तिला म्हटलं, बघ, एवढं ताणायची काही गरज होती का, आपोआप मिटलं. तिने डोळे फिरवले. बाबांना परत खोकला.

२६ फेब्रुवारी

तिसरा आणि चौथा झाले, थांबे घेऊन. तेरा, पंधरा.

थांब्यांत आता वेगळीच शांतता असते. गन बंद, पंख्यांचा आवाज, दहा मिनिटं कुणाला काही करायचं नाही. आधी सगळे पांगायचे. आता तिथेच बसतात. उस्ताद डोळे मिटून बसतात. कुणीतरी शेंगदाणे आणतं. घाईसाहेब दोनदा येऊन गेले, बसलेली माणसं बघून त्यांच्या अंगावर काटा येत असावा, पण बोलले नाहीत.

मी टेबलाच्या कडेला पाटी लावली. उस्तादांनीच रंगवून दिली, सुबक अक्षरांत: 'पट्टीला हात लावू नये'. खाली माझं पद लिहू का विचारत होते. मी म्हटलं नको, नाहीतर लोकांना वाटेल मीच पट्टी आहे.

४ मार्च

पहिले दोन दांडे घासून परत चढवले. बारा, चौदा. पाचवाही झाला. धरणाच्या लोकांना ट्रक चार दिवस उशिरा जाईल असं कळवलं. त्यांनी विचारलं, का? घाईसाहेब फोनवर म्हणाले की आमच्याकडे ताणाची तपासणी असते, त्यात दोन परत करावे लागले. 'आमच्याकडे' म्हणाले. मी फाइल शोधायचं नाटक करत ऐकत होते.

तरी उद्या टेबल हलणारच आहे. दुसऱ्या बूथचे खोके येऊन पडलेत.

५ मार्च

सहावा दांडा सकाळी चढवायचा होता. त्याआधी घाईसाहेबांनी टेबल उचलायला चार माणसं बोलावली. शेवटच्या दांड्याला पट्टी कशाला, पाच बरोबर आलेत, सहावा येईलच, असं त्यांचं म्हणणं.

चार माणसं आली. पहिल्याच्या कमरेत उसण भरली, अगदी तिथल्या तिथे. दुसऱ्याला स्टोअरमधून बोलावणं आलं, कुणी बोलावलं ते त्याला सांगता येईना. तिसरा म्हणाला, लेझर आहे त्यात, डोळ्याला काही झालं तर जबाबदार कोण, लेखी द्या. चौथे उस्ताद. ते वाकले, टेबलाच्या पायांना जमिनीत आवळलेले नट निरखून बघितले, पाना लावला, जोर केल्यासारखं केलं, उठून पाना पुसला.

"गंजलेत," म्हणाले. "हलत नाहीत."

ते नट परवाच त्यांनी तेल घालून साफ केले होते. मी स्टुलावर बसून बघत होते.

घाईसाहेबांनी एकेकाकडे बघितलं, मग नटांकडे. नव्यासारखे चकचकीत नट. त्यांना कळलं, सगळ्यांना कळलं. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, सहावा तरी चढवा, नटांचं नंतर बघू.

नंतर म्हणजे कधी, ते मला माहीत नाही. उद्या ते बाहेरून माणसं आणतील. किंवा महिन्याने. तेव्हा मी काय करायचं ते तेव्हा बघेन, पण टेबल कुणी उचलून देईल आणि मी बाजूला सरकेन, असं मात्र व्हायचं नाही.

पट्टी लावली. चाळीस फेऱ्या. प्रत्येक थांब्याला मी मोठ्याने वेळ सांगितली. कुणी सांगायला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी दांडा निवला, रेघ तेरावर स्थिर झाली.

कागद घेतला. 'योग्य'वर गोल केला, तेरा लिहिलं, पूर्ण सही केली. त्याच्या खाली रिकामी जागा होती. तिथे, ज्या जागेचा काही रकाना नाही आणि जिथे कुणी काही विचारलेलं नाही, मी लिहिलं: थांबे एकोणचाळीस. प्रत्येकी दहा मिनिटं. एकही कमी नाही.